घंटेच्या तालावरची तब्येत

घरच्या मुलाच्या मागे आई दिवसभर असते. मोबाइल ठेव, भाजी संपव, पाणी पी, झोप आता. या बोलण्याचा किती उपयोग होतो ते गेल्या भागात पाहिलं. या आठवड्यात ज्यांच्या मागे असं कोणी नाही त्या मुलांकडे वळू. शिरूर आणि दौंड तालुक्यांत अशी मुलं पुष्कळ आहेत. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात शिक्रापूरला आहे. सहावी ते बारावी, मुलं-मुली तिथेच राहतात. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शिवाय वसतिगृहं, खासगी निवासी शाळा, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या.

या मुलांना ‘चांगल्या सवयी लावून घ्या’ असं सांगणारी भाषणं वर्षातून दोन-चारदा तरी होतात. पण बोर्डिंगमधल्या मुलाच्या हातात सवय असते किती? कधी उठायचं ते घंटा ठरवते, काय खायचं ते कोठीतला साठा, आणि अंघोळ किती मिनिटांची ते टाकीतलं पाणी. म्हणून मुलाला उपदेश करण्याआधी भिंतीवरचं वेळापत्रक वाचावं, असं माझं मत आहे.

केडगावची संस्था तर दुष्काळ आणि साथीच्या धामधुमीतच उभी राहिली. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली पुण्याला आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनात एवढ्या मुली दाटीने ठेवणं शक्य होईना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवावं लागलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, निवारे वाढवले. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या हजारावर गेली. एका छपराखाली किती जणी आणि त्यांना पाणी किती, हाच हिशेब रमाबाईंना रोज करावा लागला असणार. आजच्या अधीक्षकांनाही तोच करावा लागतो, फक्त साथ बदलली आहे.

आजची साथ म्हणजे खरूज. बोर्डिंगमध्ये तिच्याइतकं चिवट काही नाही. त्वचेत बीळ करून राहणारा हा किडा डोळ्यांना नीट दिसतही नाही. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्या मुलाच्या अंथरुणावर बसणारे, त्याचा टॉवेल वापरणारे दोघं-चौघं तिच्या तावडीत सापडलेले असतात. मग होतं काय? बोटांच्या बेचक्यात खाजवणारा एक जण दवाखान्यात नेला जातो, मलम लावून परत येतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा खाजवायला लागतो. मुलगा अस्वच्छ ठरतो. खरं तर औषध खोलीतल्या सगळ्यांना, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायला हवं. मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याभराने पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी चादरी, कपडे गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. यात मुलाच्या सवयीचा भाग नाममात्र. चाळीस चादरी एका दिवशी धुण्याइतकं पाणी टाकीत आहे का, हा खरा प्रश्न.

आणि या पट्ट्यात पाण्याची गोष्ट साधी नाही. मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, ती पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन. बोअरचं पाणी घ्यावं तर उसाच्या पट्ट्यात ते बऱ्याच ठिकाणी क्षाराचं लागतं; डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्यासाठी फिल्टर बसवलेला असतो, पण तिथला साखळीला बांधलेला एकच स्टीलचा पेला शंभर तोंडांना लागतो. प्रत्येकाची आपापली बाटली, एवढा नियम केला तरी पुष्कळ आजार टळतील.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. संडास इमारतीपासून लांब असेल, वाटेत दिवा नसेल, तर मुली संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, डोकेदुखी. ‘मुली पाणीच पीत नाहीत’ ही तक्रार सगळे करतात. त्या वाटेवर बल्ब लावायचा मात्र राहून जातो.

अंधाराची भीती या भागात काल्पनिकही नाही. घोड-कुकडी नद्यांच्या काठच्या उसात बिबट्याने ठाण मांडलं आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात त्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. आता पाच वाजता अंधारात मुलांना मैदानावर पळायला काढण्याची जबाबदारी कोण अंगावर घेईल? आणि बिबट्याचं नाव काढल्यावाचून जे कोणी ऐकत नव्हतं, ते या निमित्ताने सांगून टाकतो: पाचची घंटा तशीही चुकीचीच आहे. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री दहाला दिवे मालवले तरी डोळा लागायला अकरा वाजतात. पाचला उठवलं की हाती उरतात सहा तास. उरलेली झोप मूल तिसऱ्या तासाला, गणिताच्या फळ्यासमोर वसूल करतं. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये झोपेचाच विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मोठ्या मुलांची झोप लहानांपेक्षा उशिरा सरकते, तरी हा नियम त्यांच्यासाठी नाही. ब्राह्ममुहूर्ताचा धाक आपल्याकडे फार. व्यायाम हवाच, दिवसाला साठ मिनिटं दमवणारा; पण तो संध्याकाळी पाचला कबड्डीतही होतो.

आता जेवण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना आणि 31 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्यासाठी आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात: 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. ती गालात धरून मोरीत थुंकायची कला बोर्डिंगमध्ये पहिल्याच महिन्यात शिकून होते. कारणही आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं आणि मूल घाबरतं. जेवणानंतर द्यावी, काळ्या रंगाचं आधीच सांगावं, आणि त्या तासात चहा देऊ नये. चहाने लोह कमी शोषलं जातं. लिंबाची फोड मात्र मदत करते. दौंड तालुका गुऱ्हाळांचा, त्यामुळे ‘गूळ खा, रक्त वाढेल’ हा सल्ला इथे ठरलेला. गूळ-शेंगदाणे संध्याकाळच्या भुकेला उत्तमच, पण एका खड्यातून मिळणारं लोह ते केवढं. मटकी, हरभरा, बाजरीची भाकरी, पालेभाजी रोजच्या पंगतीत हवी, आणि शेवटच्या पंगतीला ती उरायला हवी.

रविवारी भेटीला येणारे पालक फरसाणाच्या पुड्या आणतात आणि ‘नीट जेवतोस ना?’ विचारतात. पोरगं ‘हो’ म्हणतं. त्याऐवजी विचारावं: शेवटच्या पंगतीला भाजी असते का? रात्री संडासला कुठून जातोस? खोलीत कोणी खाजवतंय का? अधीक्षकांना विचारावं, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शेवटचं कधी आलं. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते. खासगी विनाअनुदानित निवासी शाळा त्यात नाहीत, तेव्हा तिथे मुलांना कोण डॉक्टर, कधी तपासतो हे फी भरण्याआधी विचारून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात: घरची आठवण आणि दर सोमवारची पोटदुखी.