नवा खुबा, नवा रुबाब!

केशोरीची मिरची फेमस आहेच. आजची माहितीही तेवढीच झणझणीत! विषय आहे हिप रिप्लेसमेंट, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘गोळा बदलणं’. नुसतं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो ना? थांबा, बदलायचा तो मांडीच्या हाडाचा!

माहीत आहे का? हे फक्त आजी-आजोबांचं ऑपरेशन नाही. आपला गोंदिया जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळत नाही, तो आतून मरतो आणि खचतो. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. विशी-तिशीतली पोरंही त्यामुळे लंगडायला लागतात. म्हणून कुणा तरुणाची जांघ सतत दुखत असेल, तर ‘रोवणीत लचकली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सिकलसेलची तपासणी करा, खुब्याचा फोटो काढा. सुरुवातीचा एव्हीएन एक्स-रेत लपतो, एमआरआयमध्ये पकडला जातो.

याच एव्हीएननं अमेरिकेचा सुपरस्टार खेळाडू बो जॅक्सनचा खुबा गेला. नवा बसवला. 1993 मध्ये तो बेसबॉलच्या मैदानात परतला आणि पहिल्याच फटक्याला होम रन! टाळ्या!

आता या ऑपरेशनचे हिरो नंबर वन : ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली. गोळा ज्या खोबणीत फिरतो, तिथे त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. हो, नॉनस्टिक तव्यावरचं तेच टेफ्लॉन! ते दोन-चार वर्षांत झिजलं. मग एक सेल्समन यंत्रमागाच्या गिअरसाठीचं नवं प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींनी ते उडवून लावलं, पण त्यांच्या टेक्निशियननं गुपचूप मशीनवर घासून पाहिलं. झिजेचना! ते शरीराला चालतं का हे बघायला चार्नलींनी त्याचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला. नोव्हेंबर 1962 मध्ये त्या प्लास्टिकची वाटी असलेला नवा खुबा रुग्णाला बसला. आजचे खुबे त्याचेच वारसदार.

हस्तिदंती खुबा ऐकलाय? ब्रह्मदेशात डॉ. सान बॉ यांनी 1960 पासून तसले शेकडो बसवले!

वयाचं काय? ब्रिटनच्या राजमातेनं 95 व्या वर्षी एक आणि 97 व्या वर्षी दुसरा खुबा बदलून घेतला. जगल्या 101 वर्षं!

आणि टिकतो किती? 2019 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अभ्यासानुसार सुमारे 58 टक्के खुबे 25 वर्षं टिकतात. तरुणपणी बसवलेल्याला मात्र पुढे दुसरं ऑपरेशन लागू शकतं, आणि सिकलसेलमध्ये इन्फेक्शनचा धोका जास्त. हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

काही सिरॅमिक खुबे चालताना चक्क किरकिरतात! धातूचे विमानतळावर पीं-पीं करतात!

रोजच्या जगण्यात काय बदलतं? दुखणं जातं, रात्रीची झोप परत येते. सुरुवातीला मात्र मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि पायावर पाय टाकणं बंद. संडासाला कमोड हवा. वाकून रोवणीला उतरायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

खर्चाची धास्ती? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा.

आणि मंडईच्या रात्रीचं झाडीपट्टीचं नाटक? बिनधास्त बघा! फक्त तिकीट खुर्चीचं काढा आणि प्रत्येक अंकानंतर उठून दोन फेऱ्या मारा.