रात्रीच्या आकाशातील बुडबुडे

दिवस मावळला म्हणजे आकाशातील व्यवहार थंडावले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जमिनीपासून २५०-३०० किलोमीटर उंचीवर मात्र खरी गडबड दिवेलागणीनंतरच सुरू होते. तिच्यासंबंधी येथे थोडे सांगावयाचे आहे. कारण कसबा बावड्यावरचे आकाशही तिच्या टापूत येते.

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे उंचावरील विरळ हवेतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युत्भारित थरांना आयनांबर म्हणतात. लघुलहरींवरील दूरदेशीची आकाशवाणी ऐकू येते ती लहरी या थरांवरून परततात म्हणूनच. सूर्य बुडाला की १०० किलोमीटरच्या आसपासचा खालचा थर झपाट्याने विरतो. वरचा रात्रीही टिकून असतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे सायंकाळच्या विद्युत्क्षेत्रामुळे हा वरचा थर आणखी वर उचलला जातो. म्हणजे दाट थर वर, आणि खाली जवळजवळ रिकामी जागा! तेलावर पाणी ओतले तर ते वर राहील काय? तळाशी कोठेतरी जराशी लहर उठते आणि खालचा विरळ भाग दाट थर फोडून वर घुसतो.

गुऱ्हाळातील काहिलीत रस खदखदू लागला म्हणजे तळातून उठणारे बुडबुडे आपण पाहिलेले आहेत. चित्र म्हणून ते ध्यानात ठेवावे. मात्र तेथे काम जाळाचे असते, येथे गुरुत्वाकर्षणाचे. शिवाय हा बुडबुडा वाटोळा नसतो. विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना बांधलेले असल्यामुळे तो त्या रेषांबरोबर कमानीसारखा दक्षिणोत्तर पसरतो. विषुववृत्तावर तो सुमारे ५०० किलोमीटर उंच चढला, की कमानीचा उत्तरेकडील पाय कोल्हापूरवर २५० किलोमीटर उंचीवर येतो. जन्म ८००-९०० किलोमीटर दक्षिणेस, आणि सावली आपल्या डोक्यावर!

हे कळले कसे? पेरू देशात हुआंकायो येथे परतणाऱ्या रेडिओलहरी रात्री विस्कटलेल्या येतात, हे बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये नोंदविले. त्याच देशातील हिकामार्का येथील रडारने पुढे उलगडा केला. त्याची लहर ६ मीटरची. एकामागून एक ३ मीटर अंतरावर असलेल्या विषमतांवरून परतणाऱ्या लहरींचाच मेळ जमतो आणि प्रतिध्वनी ऐकू येतो. बाकीचे रडारला दिसतच नाही. १९७६ मध्ये वुडमन आणि ला होझ यांनी या प्रतिध्वनींचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत धुराच्या लोटासारखे उंच तुरे उठलेले दिसले. आपल्याकडे तिरुपतीजवळ गादंकी येथील ५३ मेगाहर्ट्झच्या रडारनेही असे तुरे टिपले आहेत. चुंबकीय रेषांशी काटकोन साधण्याकरिता तेथे झोत उत्तरेकडे कलता ठेवावा लागतो.

कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडार उभारले, पण त्याचे काम निराळे: ८० ते १०० किलोमीटरवरील वारे मोजणे. बुडबुडे दाखविले ते तेथील आकाश-कॅमेऱ्याने. रात्री ऑक्सिजनच्या अणूंपासून ६३० नॅनोमीटरचा अंधुक तांबडा प्रकाश येतो, डोळ्यांना न दिसणारा. जेथे इलेक्ट्रॉन कमी तेथे तो फिका. म्हणून छायाचित्रात बुडबुडे काळ्या दक्षिणोत्तर पट्ट्यांसारखे उमटतात आणि ताशी ३००-४०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात. ढग किंवा चांदणे असले की हा डोळा मिटतो. रडारला त्यांची फिकीर नाही. आमच्या मते दोन्ही हवेत: एक पसारा दाखवितो, दुसरे आतली घडण.

हे केवळ शास्त्रज्ञांचे कौतुक नव्हे. उपग्रहाकडून येणारा संदेश अशा पट्टीतून जाताना तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो, कधी तुटतोही. मग रात्री धावपट्टी शोधणारे विमान असो वा समुद्रातील नाखवा, उपग्रहावरून मिळणारा ठावठिकाणा चुकण्याचा संभव असतो. भारतात हा उपद्रव विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत अधिक. थर किती उचलला गेला हे सायंकाळी मोजता येते. परंतु आज रात्री बुडबुडा उठेलच, असे छातीठोकपणे सांगणे अद्याप कोणास साधलेले नाही. लागोपाठच्या दोन रात्री, ऋतू तोच, सूर्यही तसाच. एकीत आकाशभर पट्टे, आणि दुसरी अगदी नितळ.