रबराचा बुश आणि घाटातली जुनी फियाट

तळोद्याहून धडगावच्या बाजाराला माल न्यायचा तर चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जायचे तर देवगोई घाट. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील कापडवाल्यांची या वळणांतून सुटका नाही. टपावर गठ्ठे बांधलेले असले की वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. हे कलणे आवरतो स्टॅबिलायझर बार, आणि त्या बारला जागेवर धरून ठेवतात रबराचे बुश. आमच्या पेढीची जुनी प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. तिचे बुश आम्ही नुकतेच समोर उभे राहून बदलून घेतले, म्हणून व्यापारी बांधवांसाठी हे लिहीत आहोत.

बार म्हणजे पोलादाची वाकवलेली सळई. मधला भाग गाडीच्या सांगाड्याला, टोके दोन्ही बाजूंच्या आर्मला. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर ती नुसती फिरते. एकच चाक उचलले गेले की पिळली जाते आणि गाडीला सरळ ठेवू पाहते. जुन्या स्पोर्ट्स कारमध्येही हीच युक्ती असते. बुश झिजून ढिला झाला की बार पिळण्याआधी पट्टीतच हलतो. मग खड्ड्यात ‘ठक ठक’ आवाज येतो आणि पुष्कळ मंडळी शॉक ॲब्सॉर्बर बदलून बसतात. मोठा खर्च होतो, आवाज तिथेच!

पद्मिनी ही कुर्ल्याच्या कारखान्याची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आता सुटे भाग शोधावे लागतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करावी, पण जुना बुश सोबत न्यावा आणि बारची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी. नुसते ‘फियाटचा द्या’ म्हणून भागत नाही. भोक एक-दोन मिलिमीटर मोठे असले तर नवा बुशही वाजतो. टायरचे रबर कापून बसवून देणारेही भेटतात. आमच्या मते तो पैसा पाण्यात.

बसवताना उस्तादांच्या एका गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष दिले. एकच बाजू जॅकवर घेऊन त्यांनी पट्टी खोलली नाही. तशा अवस्थेत बार पिळलेला असतो, बोल्ट सुटताच झटका देतो. त्यांनी पुढची दोन्ही चाके सारखी उचलली आणि गाडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. बार तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला, कारण गंजाचे खरखरीत अंग नवे रबर खाऊन टाकते. मग साबणाचे पाणी लावून चिरलेला बुश बारवर चढवला. शागीर्द ग्रीसचा डबा घेऊन आला, तर उस्तादांनी त्याला परत पाठवले. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागले की साधे रबर फुगून मऊ पडते.

बोल्ट आधी हातानेच फिरवले. गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावर शेवटचे आवळले. बुश नेहमी जोडीने बदलावेत; एक नवा, एक जुना असे चालत नाही.

आजकाल पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. शर्यतीच्या शौकिनांना ते आवडतात. टिकतात जास्त, गाडी वळणावर कमी कलते, पण रस्त्याचे हादरे जास्त जाणवतात आणि योग्य सिलिकॉन ग्रीस नसेल तर कुरकुरतात. बाजारहाट करणाऱ्या गाडीला आम्ही रबरच पसंत केले. पहिली घाटफेरी करून आल्यावर मात्र चारही बोल्टना पाना लावून पाहावा. आमचा एक पाव फेरा फिरला.