चौकट : शिक्षक की ‘मित्र’?

पर्वरी, गोवा. मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी ‘संगाथ’ ही संस्था इथली, १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली. मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी मिळणार नाहीत, मग चार बुकं शिकलेल्या स्थानिक माणसालाच समुपदेशन शिकवलं तर? संस्थेचं बरंचसं काम याच प्रश्नाभोवती फिरतं.

दारूच्या बाबतीत उत्तर गोव्यातच तपासलं गेलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची चाचणी झाली. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अशा समुपदेशकांशी बोललेल्यांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांनी धोक्याबाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खर्चही फारसा नाही.

शाळकरी मुलांसाठीचा मोठा प्रयोग मात्र बिहारमध्ये, नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झाला. नाव ‘सेहर’. भित्तिपत्रक, स्पर्धा, मनातलं लिहून टाकायची पेटी, शिवाय एकट्यानं बोलायचं असेल तर समुपदेशन. काही शाळांत हे बाहेरून नेमलेल्या ‘सेहर मित्रा’नं केलं, काहींत शिक्षकानं, उरलेल्यांत दोघांपैकी कुणीच नाही. मित्र होता तिथे नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारहाण घटली. शिक्षकांकडे काम होतं तिथे जवळजवळ काहीच हललं नाही! (शिक्षकांना दोष देण्याआधी त्यांच्या डोक्यावरची बाकीची कामं मोजावीत.)