हृद्‌स्नायूतील केशवाहिन्या

हृद्‌स्नायूतील केशवाहिन्या म्हणजे हृदयाच्या भिंतीतील स्नायुपेशींना रक्त पोहोचवणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे होय. हृदयाच्या कप्प्यांतून सतत रक्त वाहत असले, तरी भिंत जाड असल्यामुळे त्या रक्तातील ऑक्सिजन स्नायूच्या सर्व थरांपर्यंत झिरपू शकत नाही. त्यामुळे हृदयाला स्वतःसाठी स्वतंत्र रक्तपुरवठा लागतो. महारोहिणीच्या मुळाशी उगम पावणाऱ्या उजव्या व डाव्या हृद्‌रोहिणी, म्हणजेच कोरोनरी धमन्या, हे रक्त आणतात. ऑक्सिजन व पोषकद्रव्यांची पेशींशी प्रत्यक्ष देवाणघेवाण मात्र मुख्यतः केशवाहिन्यांत होते.

रचना

हृद्‌रोहिणींच्या मोठ्या शाखा हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. त्यांचे फाटे भिंतीत खोल शिरतात व बारीक होत जातात. १०० मायक्रोमीटरपेक्षा कमी व्यासाच्या फाट्यांना रोहिणिका म्हणतात. रोहिणिकांपासून केशवाहिन्या निघतात. केशवाहिनीचा व्यास सुमारे ५ ते ६ मायक्रोमीटर असतो. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असल्याने तिला आकार बदलून, जवळजवळ एकेरी रांगेत पुढे सरकावे लागते. केशवाहिनीची भिंत अंतःस्तर पेशींच्या एकाच थराची असते.

बहुतेक केशवाहिन्या स्नायुपेशींना समांतर धावतात व आडव्या फाट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. डाव्या निलयाच्या भिंतीत बाहेरून आत जाताना स्नायुपेशींची दिशा क्रमाक्रमाने बदलते; तिच्याबरोबर केशवाहिन्यांची दिशाही बदलते. केशवाहिन्यांतील रक्त नीलिकांत व तेथून नीलांत जाते. बहुतांश रक्त हृदयाच्या मागील बाजूस असलेल्या कोरोनरी सायनस या रुंद नीलेतून उजव्या अलिंदात पोहोचते. काही लहान नीला थेट हृदयाच्या कप्प्यांत उघडतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ थेबेसियस यांनी १७०८ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना थेबेसियन नीला म्हणतात.

घनता

प्रौढ माणसाच्या हृद्‌स्नायूच्या आडव्या छेदात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३,००० केशवाहिन्या दिसतात. हे प्रमाण हातापायांच्या स्नायूंतील प्रमाणाच्या कित्येक पट आहे. प्रत्येक स्नायुपेशीमागे साधारण एक केशवाहिनी असते आणि शेजारच्या दोन केशवाहिन्यांमधील अंतर सुमारे २० मायक्रोमीटर असते. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण ऑक्सिजन रक्तातून पेशीत विसरणाने जातो आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झाले, तर वेळ चौपट लागतो. केशवाहिनीभोवतीच्या ऊतीचा दंडगोल कल्पून हे विसरण मोजण्याची पद्धत डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये मांडली.

नवजात बालकाच्या हृदयात अनेक बारीक स्नायुपेशींमागे एक केशवाहिनी असते. वाढीबरोबर पेशी जाड होतात, केशवाहिन्यांची संख्याही वाढते आणि प्रौढपणी हे प्रमाण एकास एक होते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट्स व वेर्न यांनी १९४१ मध्ये मानवी हृदयांच्या अभ्यासातून हा बदल दाखवला.

रक्तप्रवाह व त्याचे नियमन

विश्रांतीच्या स्थितीत हृद्‌स्नायूला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर रक्त मिळते. हे हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताच्या सुमारे ५ टक्के असते. शरीराचा एकंदर विचार करता ऊती रक्तातील ऑक्सिजनपैकी सुमारे एक चतुर्थांश वापरतात. हृद्‌स्नायू मात्र विश्रांतीतही ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे श्रमाच्या वेळी त्याच रक्तातून अधिक ऑक्सिजन मिळवण्यास फारसा वाव उरत नाही. वाढलेली गरज मुख्यतः प्रवाह वाढवूनच भागवावी लागते. निरोगी हृदयात तो चार ते पाच पट वाढू शकतो.

ही वाढ प्रामुख्याने रोहिणिकांच्या प्रसरणाने होते. स्नायुपेशींत तयार होणारे अ‍ॅडेनोसिन आणि अंतःस्तर पेशींतून स्रवणारा नायट्रिक ऑक्साइड हे प्रसरण घडवणारे महत्त्वाचे पदार्थ आहेत.

हृदय आकुंचन पावते तेव्हा भिंतीतील सूक्ष्म वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून डाव्या निलयाच्या स्नायूला बहुतांश रक्त दोन ठोक्यांमधील शिथिलनाच्या काळात मिळते. सर्वांत आतल्या थरावर हा दाब सर्वाधिक असल्याने रक्त कमी पडल्यास इजा बहुधा तेथून सुरू होते. ठोके फार जलद पडू लागले, तर शिथिलनाचा काळ कमी होतो आणि गरज वाढलेली असतानाच पुरवठ्याला वेळ अपुरा पडतो.

विकार

दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने स्नायुपेशी जाड होतात, पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. केशवाहिनीपासून पेशीच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढते व जाड झालेल्या हृदयाला ऑक्सिजन अपुरा पडू लागतो. मधुमेहातही या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टीने मोठी रोहिणी मोकळी केली, तरी सुजलेल्या व गुठळ्यांनी अडलेल्या सूक्ष्म वाहिन्यांमुळे काही रुग्णांत स्नायूपर्यंत रक्त पोहोचत नाही.

नेहमीच्या अँजिओग्राफीत केशवाहिन्या व रोहिणिका दिसत नाहीत. त्यामुळे मोठ्या रोहिणी मोकळ्या असूनही सूक्ष्म वाहिन्यांच्या दोषामुळे छातीत दुखू शकते. याला सूक्ष्मवाहिनीजन्य हृदयशूल म्हणतात. तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. अहवाल निर्दोष आल्याने अशा रुग्णांचे दुखणे अनेकदा मानसिक समजले गेले. अ‍ॅडेनोसिन देऊन प्रवाह किती पट वाढतो हे मोजल्यास दोष ओळखता येतो. ही वाढ साधारणतः दोन ते अडीच पटींपेक्षा कमी असल्यास ती अपुरी मानली जाते. सूक्ष्म वाहिन्यांच्या या विकारावर अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. औषधे, रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण, व्यायाम आणि धूम्रपान सोडणे यांवर उपचारांचा भर असतो.