चार सह्यांचं पत्र

पुणे जिल्ह्यातल्या लवळ्याच्या पश्चिमेला मुळशीचं धरण आहे. १६ एप्रिल १९२१ च्या रामनवमीला मावळातली माणसं ते अडवायला उभी राहिली, तरी ते झालंच. मुळशी तालुक्यात राहणाऱ्याला, हरलेल्या लढ्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न कधी ना कधी पडतो. मला त्या प्रश्नानं फौजदारी कायद्याविषयीच्या एका जुन्या पत्रापाशी नेलं, आणि गेली कित्येक वर्षं ते पत्र माझ्या टेबलावरून हललेलं नाही.

पत्रावर तारीख आहे १६ सप्टेंबर १९७९. सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र, खाली चार सह्या: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार. पहिली तिघं दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणारी, धागमवार पुण्याच्या. ज्यांना पत्र लिहिलं ते यशवंत विष्णू चंद्रचूडही जन्मानं पुण्याचेच. विषय होता ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल.

खटला वाचकांना माहीत असेल. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, मजुरी करणारी चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी आणि तिच्यावरच्या बलात्काराचा आरोप झालेले दोन पोलीस. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख छापायला मनाई करणारं कलम २२८-अ तिच्याच खटल्यानंतरच्या कायद्यानं आणलं, आणि खटला मात्र आजही तिच्याच नावानं ओळखला जातो. हे मला फार खुपतं.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, कारण भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायमूर्तींना नीट कळलं होतं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा मुक्त केलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरड झाल्याचं पटत नव्हतं, म्हणून तिची संमती होती, असा तो युक्तिवाद. स्त्रीला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे का, हे पाहण्यासाठी केली जाणारी दोन बोटांची तपासणीही वैद्यकीय अहवालातून त्या निकालपत्रात आली आहे.

पत्रानं नेमकं इथे बोट ठेवलं. शरण जाणं आणि संमती देणं यातला फरक न्यायालयाला का दिसला नाही? लग्नाआधीच्या संबंधांबद्दलचा राग पोलिसांना मोकळीक देण्याइतका मोठा आहे का? आणि मला सर्वांत धारदार वाटतो तो तिसरा मुद्दा. निकालाच्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, याच न्यायालयानं ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावण्यावर कडक ताशेरे ओढले होते. देसाईगंजच्या मजूर मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतल्याबद्दल मात्र निकालात निषेधाचा शब्द नाही.

वसुधा धागमवारांविषयी मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. अक्कलकुव्याच्या आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नांत त्या उतरल्या, पुढे दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढून साध्या भाषेतून कायदा लोकांपर्यंत नेला, आणि आदिवासींच्या अनुभवातून भारतीय कायदा कसा दिसतो यावर २००६ मध्ये पुस्तक लिहिलं. कायदा सर्वांत दुबळ्या माणसाच्या जागेवरून वाचायचा, ही त्यांची रीत या पत्रातही मला जाणवते.

पत्र पसरलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत मोर्चे निघाले, नागपुरात कार्यकर्त्या सीमा साखरे उभ्या राहिल्या. फेरविचाराची मागणी न्यायालयानं फेटाळली. सरकार मात्र हललं. विधि आयोगाचा ८४ वा अहवाल एप्रिल १९८० मध्ये आला, त्याच वर्षी विधेयक आलं, मग संयुक्त समिती, आणि २५ डिसेंबर १९८३ ला कायदा लागू झाला. बलात्काराला किमान सात वर्षं, कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्याचं नवं कलम ११४-अ.

हे यश थोडं नव्हतं. पण माझी तक्रार अशी, की रस्त्यावरच्या संतापातून राज्यकर्त्यांनी शिक्षा तेवढी चटकन उचलली. पत्राचा गाभा असलेली संमतीची व्याख्या त्यांनी मागे ठेवली. संमती मुक्त आणि स्वेच्छेची असावी, असे शब्द विधि आयोगानं सुचवले होते, ते १९८३ च्या कायद्यात आले नाहीत. तक्रारदार स्त्रीचं चारित्र्य काढून तिची साक्ष पाडायची मुभा पुरावा कायद्यात २००२ च्या अखेरपर्यंत होती. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानायची नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ उजाडलं. त्यासाठी दिल्लीत आणखी एका मुलीचा जीव गेला, देश पुन्हा रस्त्यावर आला आणि न्या. वर्मा समितीनं महिन्याभरात अहवाल दिला.

देसाईगंजच्या मुलीला यातलं काहीच मिळालं नाही. नवा फौजदारी कायदा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही. हे तत्त्व राज्यघटनेच्या कलम २० मध्ये आहे आणि ते तिथेच असायला हवं. म्हणूनच तिला न्याय मिळण्याची वाट होती ती फेरविचाराची, आणि तीच बंद झाली.

दोन बोटांच्या तपासणीचा निकाल लागला ३१ ऑक्टोबर २०२२ ला. त्या खंडपीठावर न्या. हिमा कोहली यांच्यासोबत धनंजय चंद्रचूड होते, पत्र ज्यांना लिहिलं होतं त्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव. ही तपासणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असं खंडपीठानं बजावलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती वगळायला सांगितलं.