होडीवरील विजेचा हिशेब

घरांत तारेनें पेट घेतला, तर माणसांस अंगणांत धांवतां येतें. खोल पाण्यांतील होडीला अंगण नसतें. म्हणून होडीवर इन्व्हर्टर बसवूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांनीं खरेदीपूर्वीं पाटी-पेन्सिल हातीं घ्यावी, अशी आमची सूचना आहे. लागणारें गणित त्रैराशिकापलीकडचें नाहीं.

स्थालीपुलाकन्यायानें एकच उदाहरण घेऊं. १० वॅटचे ४ दिवे ६ तास, ४० वॅटचा पंखा ८ तास आणि दिवसाला ४०० वॅट-तास घेणारें लहान शीतकपाट. बेरीज ९६० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्यें शेंकडा १५ भाग वायां जातात असें धरिलें, तर बॅटरींतून सुमारें १,१३० वॅट-तास काढावे लागतात. त्यांस १२ व्होल्टांनीं भागिलें कीं ९४ अँपियर-तास येतात. परंतु शिशाच्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक संचय वारंवार उपसल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. सबब ती २०० अँपियर-तासांची घ्यावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शेंकडा ८० भाग सुखानें देते. तेथें १२० पुरतात. हा हिशेब एका दिवसाचा. दोन दिवस भरणा होणार नसेल, तर दुप्पट.

खरा धोका तारेंत आहे. १,००० वॅटचा भार घरच्या २३० व्होल्टांवर साडेचार अँपियरही घेत नाहीं. तोच भार इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टांच्या बॅटरींतून ९८ अँपियर ओढतो. बॅटरी दोन मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार चार मीटर होते. तेथें घरगुती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लाविली, तर पावणेतीन व्होल्ट वाटेंतच गळतील आणि सुमारें २७० वॅट उष्णता त्या तारेंतच साठेल. वेष्टण वितळण्यास आणखी काय पाहिजे? ३५ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास गळती अवघी ०.२ व्होल्ट राहते. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ, तितका बरा. मात्र शिशाच्या बॅटरींतून भरण्याच्या वेळीं हायड्रोजन निघतो, यास्तव त्याच बंद पेटींत तो ठेवूं नये व पेटीला वारा खेळता असावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच असावा. आपल्या उदाहरणांत १२५ अँपियरचा. फ्यूज इन्व्हर्टरसाठीं नसून तारेसाठीं असतो, हें विसरूं नये. खाऱ्या हवेंत उघडें तांबें लवकर गंजतें, म्हणून कल्हईची बहुतंतू तार घ्यावी. तारेवर वांचविलेले पैसे समुद्र व्याजासह वसूल करितो.